डायलिसिस सेंटरच्या तिसऱ्या पाळीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

येत्या १ तारखेपासून आपल्या डायलिसिस सेंटरची तिसरी पाळी सुरू होत आहे. मशीन चारच, पण पेशंट २४ चे ३६ होतील. वेटिंगवरच्या बारा जणांना डायलिसिससाठी मिरजेची पहाटेची एसटी धरावी लागणार नाही, यापरता आनंद नाही. पण काल कपाट उघडून बघितले, तर हातमोजे आणि हेपारिन (डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून द्यायचे औषध) जेमतेम तीन आठवडे पुरेल एवढेच उरले आहे. म्हणून हे पत्र घाईने लिहीत आहे.

हे सेंटर कोणाच्या जिवावर उभे राहिले, ते नव्या मंडळींना माहीत असावे. पहिले मशीन पेठेतल्या सराफकाकांनी दिले, आईच्या वर्षश्राद्धाचे मोठे जेवण न घालता. दुसरे द्राक्ष बागायतदारांचे. त्या वर्षी अवकाळीने बागा झोपल्या होत्या, तरी "शब्द दिलाय" म्हणत त्यांनी घरटी वर्गणी काढली. तिसऱ्यासाठी कन्याशाळेच्या माजी विद्यार्थिनींनी सलग दोन दिवाळ्या फराळ करून विकला. त्या चकल्यांच्या चवीची आठवण अजून लोक काढतात. चौथे गणेश मंडळाच्या पोरांनी डीजे रद्द करून आणले. आणि मास्तरकाका! दर महिन्याच्या ५ तारखेला सायकल भिंतीला टेकवायचे, पेन्शनमधले पाकीट टेबलावर ठेवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "हातमोज्यांना." पावतीवर नाव घालू द्यायचे नाहीत. वैशाखात मास्तरकाका गेले.

हातमोज्यांनाच का, असे आम्हीही त्यांना एकदा विचारले होते. डायलिसिसला माणसाचे रक्त चार तास शरीराबाहेर फिरत असते. हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार रक्तातूनच पसरतो, त्यावर लस नाही, आणि लागण झालेल्याला वर्षानुवर्षे काही जाणवतही नाही. नजरेला न दिसणाऱ्या थेंबातसुद्धा हा विषाणू दिवसेंदिवस टिकून राहू शकतो. एकाची सुई काढलेल्या हाताने दुसऱ्याच्या मशीनचे बटण दाबले, की वाट मोकळी झाली.

हेपारिनचेही तसेच. पाच मिलीची छोटी बाटली, त्यात २५,००० युनिट. एका वेळी एका पेशंटला एवढे लागत नाही, म्हणून एकच बाटली ट्रॉलीवरून बेडबेडला फिरवायचा मोह होतो. वापरलेली सिरिंज चुकून एकदा त्या रबरी बुचात गेली, तरी आतले औषध पाण्यासारखे नितळच दिसते. आपल्याकडे प्रत्येक पेशंटची बाटली वेगळी असते. तिच्यावर त्याचे नाव आणि बाटली उघडल्याची तारीख लिहिलेली असते. औषध भरायचे टेबल मशीनपासून लांब ठेवले आहे, आणि सिस्टर दर पेशंटला नवे हातमोजे घालतात, गर्दी असली तरी. मशीन प्रत्येक वेळी पुसले जाते. दर सहा महिन्यांनी सगळ्यांची तपासणी होते. सहा वर्षांत आपल्या सेंटरवर एकालाही नवी लागण झालेली नाही. हे मी छाती पुढे काढून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका सेंटरवरून एक ताई आल्या. हिपॅटायटिस सीचा आधीचा निगेटिव्ह रिपोर्ट त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, आपल्याकडचा पॉझिटिव्ह आला. लागण नेमकी कुठे झाली, हे सिद्ध करता येत नाही. आपल्याकडे येण्याआधी तीन ठिकाणी त्यांना "मशीन रिकामे नाही" एवढेच सांगितले होते. आपण घेतले. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून गोळ्या मोफत मिळतात. बारा आठवड्यांत विषाणू गेला. पण अँटीबॉडीचा (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या घटकांचा) रिपोर्ट त्यानंतरही पॉझिटिव्हच येतो, त्यामुळे भाचीच्या लग्नाला परगावी राहायचे होते तर तिथे त्यांना कोणी डायलिसिसला घेईना. लग्नाला गेल्याच नाहीत. आणि एकदा बरे झालेल्यालाही हा आजार पुन्हा होऊ शकतो, म्हणजे काळजी संपलेली नाही.

गेल्या दिवाळीला याच खर्चासाठी घरोघर पत्रे दिली होती. उत्तरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. "मशीन घ्याल तेव्हा सांगा, पाटी लावू," असे बऱ्याच जणांनी सांगितले. मशीनवरच्या चारही पाट्या आम्ही रोज मायेने पुसतो, त्यात दुजाभाव नाही. पण हातमोज्यांची पेटी महिन्यात संपते, तिला पाटी लावता येत नाही, म्हणून तिला दाताच मिळू नये याचे वाईट वाटते. मनात होते ते लिहिले, राग नसावा.

हिशोब असा: हातमोजे, सिरिंज, वेगळे हेपारिन, जंतुनाशक व तपासण्या धरून एका डायलिसिसमागे २०० रुपये जादा; महिन्याला आठ डायलिसिस, म्हणजे एका पेशंटचे १,६०० व वर्षाचे १९,२००. नव्या बारा जणांचे वर्षाचे २,३०,४०० रुपये. एका पेशंटचा महिना किंवा वर्ष घ्यावे, जमेल ते. चेक संस्थेच्या नावे. स्कॅनचा कोड ऑफिसच्या दारावर आहे. ८०जी (आयकर सवलतीची) पावती मिळते, रोख मात्र २,००० पर्यंतच त्यात धरतात, पॅन नंबर आणावा. ऑफिस ११ ते ५, रविवारी बंद. वस्तू देणाऱ्यांनी आधी सिस्टरना हातमोज्यांचा साइज विचारावा, मागच्या वेळी दोन पेट्या लहान निघाल्या. पुढची ऑर्डर २५ तारखेला द्यायची आहे, त्याआधी कळवावे.

आपला नम्र,
सचिव