वार सुटण्याबद्दल, तुम्ही इथे येण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

माझ्या या बाळंतपणासाठी पुढच्या महिन्यात तुम्ही इथे राहायला येताय. त्याआधी एक गोष्ट सविस्तर सांगायची आहे, म्हणून फोन न करता लिहितेय. फोनवर आई लगेच "काही होत नाही गं" म्हणते, बाबा "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना?" विचारतात आणि विषय तिथेच संपतो. छकुली आज घरभर पळतेय, त्यामुळे तिच्या वेळी काय झालं ते आपण कुणी पुन्हा नीट बोललोच नाही.

वार, म्हणजे गर्भाशयाला चिकटून बाळाला पोसणारा भाग (प्लासेंटा), एरवी बाळाच्या मागून पडते. माझ्या वेळी बाळ पोटात असतानाच ती गर्भाशयापासून सुटायला लागली. तिथल्या रक्तवाहिन्या फाटतात, वारेच्या मागे रक्त साचतं आणि साचलेलं रक्त उरलेल्या वारेलाही ढकलून आणखी सोडवत जातं. बाळाला प्राणवायू मिळतो तो वारेतूनच. जितकी वार सुटली तितका तो कमी झाला. अर्ध्याहून जास्त सुटली तर बाळ पोटातच जाण्याचा धोका फार मोठा असतो. एकदा सुटलेला भाग पुन्हा चिकटवता येत नाही, त्याला औषध नाही. आमच्या वेळी डॉक्टरांनी इतकी घाई केली ती यासाठीच.

आई, तू अजूनही त्या जिन्याबद्दल बोलतेस. "मी तुला वर जाऊच द्यायला नको होतं." जिना चढल्याने वार सुटत नाही. बादली उचलल्याने नाही, हात वर करून कपडे वाळत घातल्यानेही नाही. माझा रक्तदाब वाढलेला होता आणि वार सुटण्याच्या कारणांत तो अगदी वरचा आहे. धूम्रपान, मुदतीआधी पाणी जाणं, जुळी बाळं, गर्भाशयात पाणी फार वाढणं, पोटावर जोराचा मार, ही बाकीची कारणं. कितीतरी जणींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. तेव्हा तू इतकी वर्षं जो दोष उराशी धरून बसली आहेस तो तुझा नाही. मला हे तुला फार आधी सांगायचं होतं.

आणि म्हणूनच या खेपेला मला दिवसभर अंथरुणात ठेवण्याचा हट्टही धरू नकोस. पडून राहिल्याने वार सुटायची टळते असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. रक्तदाब ताब्यात ठेवल्याने धोका कमी होतो, तो मी रोज बघते. तिसरा महिना संपल्यापासून डॉक्टरांनी अॅस्पिरिनची कमी ताकदीची गोळी दिली आहे, तीही रक्तदाबाच्या त्रासासाठीच. ती बंद कर असं म्हणू नकोस. बाबा, गाडीत मी पट्टा लावणारच. खालचा पट्टा पोटाखाली, मांड्यांवर, आणि वरचा छातीमधून. पोटावर दाबून नाही. आणि मी कुठे पडले किंवा पोटाला मार लागला, तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात न्यायचं. तिथे काही तास बाळाचे ठोके आणि कळा तपासत ठेवतात, कारण वार लगेच न सुटता थोड्या वेळाने सुटू शकते.

आकडे सांगते, घाबरवायला नाही. एरवी १०० गरोदर बायकांत साधारण एकीला हे होतं. एकदा होऊन गेलं असेल तर पुढच्या खेपेला १०० मध्ये ५ ते १५ जणींना. म्हणजे बहुतेक सगळं सुरळीत होईल, मलाही तसंच वाटतं. पण रात्री दोन वाजता पोट दुखायला लागलं तर "सकाळपर्यंत बघू" म्हणण्याइतका हा आकडा लहान नाही.

सगळ्यात महत्त्वाचं हे. अंगावरून रक्त गेलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. दर पाचांतल्या एकीच्या बाबतीत रक्त वारेच्या मागेच कोंडून राहतं, बाहेर थेंबही दिसत नाही. पण बाई पांढरी पडत जाते, घाम फुटतो, नाडी जोरात चालते. दिसलेल्या रक्तावरून किती गेलं याचा अंदाज बांधताच येत नाही. तेव्हा बघायचं ते पोट. एकाएकी दुखायला लागलं आणि दुखणं थांबेना, पोट लाकडासारखं कडक होऊन सैल पडेना, हात लावला तरी सहन होईना, कंबर भरून आली, किंवा कळा एकामागून एक यायला लागल्या, तर निघायचं. बाळाची हालचाल मंदावली तरी निघायचं. मावशीचं वेगळं होतं. तिची वार सुटली नव्हती, गर्भाशयाच्या तोंडाशी खाली होती, तिला न दुखता रक्त गेलं होतं. तिच्यावरून माझा अंदाज बांधू नका.

बाबा, सोनोग्राफीवर तुमचा फार भरवसा आहे. पण ताजं रक्त पडद्यावर वारेसारखंच दिसतं, त्यामुळे सुटलेली वार निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा सोनोग्राफीत कळतच नाही. आदल्या आठवड्याचा चांगला रिपोर्ट हातात असला तरी त्या दिवसाबद्दल तो काही सांगत नाही. डॉक्टरसुद्धा पोट, ठोके आणि बाईची अवस्था बघून ठरवतात.

तुमचे जावई कामावर असताना असं काही झालं तर आधी रुग्णवाहिकेला फोन, मग त्यांना. फोनवर पहिलंच वाक्य हे असू दे: "मागच्या वेळी वार सुटली होती, आताही तशी शंका आहे." मला डाव्या कुशीवर निजवा. पाणीसुद्धा पाजू नका, भूल द्यावी लागू शकते. माझी फाइल हॉलमधल्या कपाटात वरच आहे. वर रक्तगट ठळक लिहिलाय, निगेटिव्ह आहे हे तुम्हाला माहीतच आहे. रक्तस्राव झाला तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं (निगेटिव्ह आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार होऊ नये म्हणून), एवढी आठवण बाबांनी ठेवावी.

आता जे लिहायला जड जातंय ते. थोडंच सुटलं असेल आणि बाळ व मी ठीक असू, तर दाखल करून लक्ष ठेवतील, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून मला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतील. जास्त सुटलं असेल तर दिवस भरायची वाट बघणार नाहीत, बाळ लवकरच बाहेर काढतील. खूप रक्त गेलं की रक्त गोठायची ताकदच संपते, मग रक्त आणि प्लाझ्मा (रक्त गोठवणारे घटक असलेला रक्तातला द्रव) द्यावा लागतो. क्वचित गर्भाशयही काढावं लागतं. तशी वेळ आली आणि सही करायला तुम्हीच जवळ असलात, तर करा. एकमेकांकडे बघत बसू नका, मला काय वाटेल याचा विचार करू नका. मी हे तुमच्या जावयांशी बोलले आहे. माझी संमती आहे.

छकुलीला त्या वेळी शेजारच्या काकूंकडे सोडायचं ठरलंय, त्यांच्याशी बोलणं झालंय, नंबर फाइलच्या पहिल्या पानावर आहे. आईने माझ्याबरोबर यावं असं मला वाटतं, बाबांनी फाइल घेऊन मागून.

पत्र मिळालं की आई, तू फोन कर. तुझ्या मनात अजून जे काही असेल ते विचार. बाबांना वेगळं काही विचारायचं असेल तर पुढच्या तपासणीला ते माझ्याबरोबर येऊ शकतात, डॉक्टरांची हरकत नाही.

तुमची,
लेक