नगरपालिकेच्या अभियंता मॅडमना, खालच्या आळीकडून

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं आम्हाला कळलं, तोवर तुम्ही नव्या जागी रुजूही झाला होतात. आमच्या आळीला तुमचे आभार मानायचे राहून गेले. ते चारचौघांत मानायला हवेत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

नदीकाठच्या गावाला पुराची भीती असते हे कुणालाही कळतं. पण खालच्या आळीला नदीपेक्षा गटाराची भीती जास्त होती, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. नदी अजून पात्रात असायची, दारातला रस्ताही मोकळा असायचा, आणि न्हाणीघरातल्या जाळीतून बुडबुडे यायला लागायचे. आधी हवा, मग वास, मग काळं पाणी. वरच्या भागात पडलेला पाऊस आमच्या संडासातून वर यायचा. प्लंबर एवढंच म्हणायचे, "लाइन बॅक मारतेय." माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पावसाळाभर त्यांचा पलंग विटांवर चढवलेला असायचा. पुराचा गाळ खरवडून, धुऊन निघतो. मैल्यात भिजलेली गादी कितीही उन्हात घातली तरी पुन्हा घरात घ्यायला हात धजत नाही. आणि मागाहून जुलाब, कावीळ, ताप ठरलेलेच.

गावाची मागणी एकच होती, पाइप मोठा टाका. आधीचे प्रस्तावही तेच सांगत होते. तुम्ही पहिल्या बैठकीत सगळ्यांचं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आधी आत काय चाललंय ते बघू." पुन्हा सर्वेक्षण म्हणून लोक चिडले, ते साहजिकच होतं. आज मात्र वाटतं, तुमचं सगळ्यात मोठं काम तेच. खणण्याआधी तुम्ही पाहिलंत.

भर मध्यरात्री तुमची माणसं चेंबरमधला प्रवाह मोजायला यायची. त्या वेळी का, ते तुम्ही आम्हाला समजावलंत. दोन ते चारच्या दरम्यान घराघरांतले नळ बंद असतात. तेव्हाही गटार भरून वाहत असेल तर ते पाणी बहुतेक जमिनीतलं, फुटक्या सांध्यांतून आणि तडकलेल्या चेंबरमधून आत शिरलेलं. मग पाइपमध्ये कॅमेरा सोडलात. आणि मग ती धुराची चाचणी! चेंबरवर पंखा लावून निरुपद्रवी धूर आत सोडला आणि सगळी आळी रस्त्यावर उभी राहून बघत होती. वरच्या रस्त्याच्या एका घराच्या गच्चीवरून धूर निघाला, मग शेजारच्या, मग पलीकडच्या. गच्च्यांचे पावसाळी पाइप थेट मैल्याच्या लाइनला जोडलेले होते. ओढ्यालगतच्या वाफ्यातूनही धुराची रेघ निघाली. खालचा पाइप तिथे फुटला होता. वर्षानुवर्षं चाललेला वाद त्या सकाळी मिटला. पाइप मैल्याला पुरेसा होता, त्यात पाऊस शिरत होता.

मोठ्या पाइपबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते आता आळीतली पोरंसुद्धा सांगतात. मैलापाणी वाहताना त्याला सेकंदाला साधारण 0.6 मीटर तरी वेग दिवसातून एकदा मिळायला हवा, नाहीतर घाण तळाशी बसते. मोठ्या पाइपात कोरड्या दिवसांत पातळ धार वाहते, वेग पडतो, गाळ साचतो, आणि पावसाळ्याला पाइप अर्धा भरलेलाच सापडतो. आम्ही हट्टाने मागत होतो ते मिळालं असतं तर आमचीच अडचण वाढली असती.

पावसाची लाइन वेगळी आणि मैल्याची वेगळी, म्हणजे दोनदा खणणं, असा आक्षेप आला तेव्हा तुम्ही लंडनचं उदाहरण दिलंत. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झालं, मग अभियंते जोसेफ बॅझलगेट यांनी गटारांचं प्रचंड जाळं बांधलं. कौतुक करावं असंच काम. पण त्यात पाऊस आणि मैला एकत्र होता, म्हणून जोराच्या पावसात मैला नदीत जात राहिला, आणि तो अडवायला थेम्सखालून 25 किलोमीटरचा बोगदा खणावा लागला. 2025 मध्ये तो पूर्ण कार्यान्वित झाला. "त्यांच्याकडे बोगदा खणायची ऐपत आहे, आपण आत्ताच वेगळं करू," हे तुमचं वाक्य मला पाठ आहे.

पंपिंग स्टेशनचं काम मी रोज येता-जाता पाहत होते. विजेचं पॅनेल आणि जनरेटर तुम्ही गावाला आठवणाऱ्या सर्वात मोठ्या पुराच्या खुणेच्याही वर चढवलेत, कारण आजवर पुरात आधी वीज जायची, मग पंप, आणि नेमकी गरज असताना सगळं बंद. स्टेशनात मैला जमा होतो त्या विहिरीच्या तळाला एवढं काँक्रीट कशाला, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, रिकामी घागर पाण्यात दाबून बघा. जमिनीतलं पाणी चढलं की प्रत्येक घनमीटर रिकाम्या जागेला एक टनाने वर ढकलतं, वजन नसेल तर विहीरच उचलली जाते.

आणि एक गोष्ट आवर्जून लिहायची आहे. कामाच्या घाईत एका मुकादमाने तुंबलेल्या चेंबरमध्ये माणूस उतरवायची तयारी केली होती. तुम्ही काम तिथेच थांबवलंत. तो मुलगा म्हणाला, वास येत नाही, म्हणजे गॅस नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा तो वायू जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, हे तुम्ही त्याला, मुकादमाला आणि बघायला जमलेल्या आम्हा सगळ्यांना रस्त्यात उभं राहून सांगितलंत. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने तुंबलेलं गटार मोकळं करणारी जेटिंगची गाडी येईपर्यंत सगळं ठप्प राहिलं. लोक कुरकुरले. त्या मुलाच्या आईला तुमचं नाव माहीत नाही, म्हणून तिच्या वतीनेही मीच आभार मानते.

मग पूर आला. तुम्ही तो थांबवणार असं कधीच म्हणाला नव्हता. नदीचं पाणी अंगणात आलं, ओटीवरही चढलं. पण न्हाणीघराची जाळी गप्प होती. आमच्या घराबाहेरचा न-परतीचा व्हॉल्व्ह, म्हणजे गटाराचं पाणी उलट घरात येऊ न देणारी झडप, मिटलेला होता. तो मिटला की घरचं पाणीही बाहेर जाणार नाही, तोवर नळ-संडास जपून वापरा, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. बादली वापरून आम्ही निभावलं. पाणी ओसरल्यावर आम्ही फक्त गाळ काढला. सासूबाईंचा पलंग जागचा हलवावा लागला नाही.

तुमच्यामागे काम थांबलेलं नाही, हे कळवायचं होतं. वरच्या भागात काही गच्च्या अजून मैल्याच्या लाइनला जोडलेल्या आहेत. आळीतल्या बायका आणि तिथले रहिवासी मिळून घरोघर जातो आहोत, बरेच जण तयार झाले आहेत. पावसाळ्याआधी व्हॉल्व्ह उघडून साफ करायची पाळी लावली आहे. तुम्ही दिलेला चेंबरचा नकाशा नव्या साहेबांच्या टेबलावर आहे, एक प्रत आमच्याकडे. रात्रीचा प्रवाह पुन्हा मोजायचा आहे, पूर्वीपेक्षा किती उतरला ते पाहायला. आकडे आले की तुम्हाला पाठवतो.

तुमच्यासोबत रात्री चेंबरपाशी उभे राहिलेले कनिष्ठ अभियंते, पंप चालवणारे काका आणि जेटिंगच्या गाडीवरची मंडळी, सगळ्यांना आमचे मनापासून आभार कळवा. आणि तुम्हाला, मॅडम, खालच्या आळीतल्या प्रत्येक घराकडून नमस्कार.

आपली नम्र,
खालच्या आळीतली एक रहिवासी