बाबांच्या पावलांबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पाय दुखत नाहीत, हाताला गरमही लागतात, म्हणजे रक्त पोचतंय." डायबेटिसमध्ये या दोन्ही खुणा फसव्या असतात.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या धमन्यांत आतून चरबीचे थर बसतात, तेही बहुतेक वेळा गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत. भिंतीत कॅल्शियम साठून त्या कडकही होतात. अशा माणसाच्या पोटऱ्या चालताना भरून येतात आणि थांबलं की मोकळ्या होतात. पण साखरेने मज्जातंतूही बधिर केले असतील, तर ही सूचना मिळतच नाही. शिवाय त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांवरचा मज्जातंतूंचा ताबा सुटतो आणि रक्त कातडीला न पोसताच आडवाटेने माघारी फिरतं. पाऊल गरम, बोटं उपाशी.

धड कातडीचं थोड्या रक्तावरही भागतं. जखम भरायला मात्र कितीतरी जास्त रक्त लागतं. म्हणूनच चपलेचा साधा फोड महिनोन्‌महिने रेंगाळतो.

वर्षातून एकदा पायांची तपासणी हवीच. डॉक्टर पावलावरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी बघतील, 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतील. एबीआयही करून घ्या: घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा. 0.9 किंवा कमी आला तर धमनी अरुंद झाली आहे. 1.4 च्या वर आला तर खूश होऊ नका. कडक धमनी पट्ट्याने दाबली जात नाही, म्हणून आकडा खोटाच चढतो. मग अंगठ्यातला दाब मोजावा लागतो किंवा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघणारी तपासणी, करावी लागते.

आई, आता तुझं काम. गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकणं आणि रात्रीची रबरी पिशवी, दोन्ही बंद. भाजलेलं त्यांना कळणार नाही. त्यातून तापलेली कातडी जास्त रक्त मागते आणि ते तर तिथे नाही. कोमट पाण्याने पाय धुवायचे, पाणी तुझ्या कोपराने बघून. बोटांच्या बेचक्या कोरड्या टिपायच्या. भेगांना 10 टक्के युरियाचं क्रीम, पण बेचक्यांत नको. तिथे ओल राहिली की बुरशी धरते. रोज रात्री उजेडात तळवे, टाचा, बेचक्या बघ. नखं सरळ काप, कोपरे खणू नकोस. घट्ट्याला ब्लेड नको आणि कुरुपाची पट्टीही नको: तिच्यातलं ॲसिड चांगली कातडीही खातं.

बाबा, घरातसुद्धा अनवाणी नको. मागे पट्टा असलेली एमसीआरची (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल घ्या, तीही संध्याकाळी, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघा. देवळात दुपारच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा नको, पहाटे जा. जखम नसेल तर पोटरी भरेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. सगळं मिळून 30 मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा. यानेच आजूबाजूच्या छोट्या वाहिन्यांचा उपयोग वाढतो. आणि ती चुन्याची डबी... निकोटीनने धमन्या आकसतात. तुम्हाला राग येणार, तरी लिहिते.

बोट काळं-निळं पडलं, वास आला, लाली वर चढू लागली, ताप आला किंवा रात्री पाय लोंबकळत सोडल्यावरच बरं वाटू लागलं, तर हळद लावून वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर.

शनिवारी 10 वाजताची वेळ घेतली आहे. गोळ्यांची यादी आणि रोजच्या जुन्या चपला बरोबर न्या. तळ कुठे झिजलाय यावरून दाब कुठे पडतो ते डॉक्टरांना कळतं.

तुमची लेक