देवयानीच्या हंगामातले पत्र

ओंद्रेयोव, चेक प्रजासत्ताक
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

लख्ख चांदण्यात अंधूक तारे टिपता येत नाहीत, म्हणून आज लिहायला सवड आहे. बाबा, मी शोधते ते स्फोट किती जवळ होतात, हा तुमचा प्रश्न ऐकून आई घाबरली, म्हणून आधी तेच सांगते. ते देवयानी दीर्घिकेत होतात, आणि ती आपली शेजारीण म्हणवत असली तरी तिचा प्रकाश इथे पोहोचायला सुमारे 25 लाख वर्षे लागतात. शिवाय या स्फोटांना नवतारा म्हणतात, आणि त्यात तारा मरत नाही. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेला लहानसा घट्ट तारा, आपल्या जोडीदार ताऱ्याचा हायड्रोजन ओढून घेतो, तो थर साठत जाऊन एके दिवशी भडकतो. दूध उतू जाते, पातेले शाबूत राहते. तिथला एक तारा तर जवळजवळ दरवर्षी असा भडकतो. अख्खा तारा फुटल्याची तिथली एकमेव नोंद 1885 सालची आहे.

65 सेंटीमीटरच्या दुर्बिणीने घेतलेली नवी चित्रे जुन्यांशी ताडून, पूर्वी नसलेला ठिपका हुडकणे आणि तो लघुग्रह किंवा तेज कमीजास्त होणारा नेहमीचा चलतारा नाही याची खात्री करणे, एवढेच माझे काम. इथल्या कामिल होर्नोख यांनी असे कितीतरी नवतारे शोधले आहेत. तेव्हा बाबा, पेढे वाटू नका. आणि मी थंडीत कुडकुडत नाही, संगणकाच्या खोलीत ऊब असते.

आई, अळंब्यांचे ऐकून तू रागावलीस. इथे पाऊस पडून गेला की अख्खी कुटुंबे भल्या पहाटे टोपल्या आणि छोट्या सुऱ्या घेऊन जंगलात शिरतात, आपली जागा सख्ख्या नातेवाइकांनाही सांगत नाहीत, आणि घरी येऊन अळंब्यांचे काप वाळवून नाताळच्या जेवणासाठी जपून ठेवतात. मी जाणकारांनी निवडलेल्याच खाते.

सुमीचा साखरपुडा भाऊबीजेला ठरला, फार आनंद झाला. पण दिवाळीची अमावास्या आणि तिच्या आगेमागेच्या काळोख्या रात्री हेच देवयानीचे खरे दिवस. दुर्बीण तेव्हाच माझ्या वाट्याला आली आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त मिळाला तर मी नक्की येईन, मात्र माझ्यासाठी अडून राहू नका. 40 हजार रुपये पाठवले आहेत. तेवढ्यात माझे तिकीट आले असते, हे मलाही कळते. नाशिकच्या मंडळींना माझी पत्रिका इतक्यात देऊ नका. धाकटीचे आधी होते म्हणून लोक बोलतील, तर बोलू द्यात.

आईच्या गुडघ्याचे औषध सुरू ठेवा.

आपली,
वैजू