दोन दिवे एकदम लागले तेव्हा धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवरचे एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि फोर-व्हीलचे इशाऱ्याचे दिवे एकदमच लागले, तेव्हा ट्रान्सफर केसच (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा गिअरचा डबा) गेली असं मी धरून चाललो होतो. "काहीही बदलू नका, आधी बॅटरी मोजा," असं तुम्ही बजावलंत. गाडी बंद असताना 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना 14. तिथे सगळं ठीक. मग दिव्याच्या उघडझापीवरून बिघाडाचा कोड कसा मोजायचा, हे तुम्ही रात्री उशिरापर्यंत न कंटाळता समजावलंत. कोड निघाला मागच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा. दोन्ही यंत्रणा त्याच्याच सिग्नलवर चालतात! सस्पेन्शनजवळ वायर घासली होती, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. वायर बदलली, दिवे विझले. तुमची नावंही मला ठाऊक नाहीत, पण तुमचे अगदी मनापासून आभार.