चाळीस टक्क्यांच्या खालीही अपंगत्व असते

संपादक महोदय, स.न.वि.वि.

‘४० टक्क्यांहून कमी, म्हणून कायद्याने अपंग नाही’ अशा अर्थाचे वाक्य बातम्यांत वरचेवर वाचायला मिळते, कार्यालयांच्या खिडकीवरही तेच ऐकवले जाते. १९९५च्या कायद्यापुरते ते बरोबर होते, कारण तिथे व्याख्येतच ४० टक्के होते. १९ एप्रिल २०१७पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने ही व्याख्या बदलली, तरी जुने वाक्य तसेच चालू आहे.

आपण बोलताना ‘पायाने अधू’ म्हणतो, म्हणजे सगळा दोष पायावर टाकतो. नवा कायदा पायाबरोबर जिनाही बघतो. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आणि बाहेरचे अडथळे मिळून जिला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती. या व्याख्येत टक्केवारी नाहीच. ४० टक्के येतात ते ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ या वेगळ्या व्याख्येत. सरकारी नोकरीतले ४ टक्के आणि उच्च शिक्षणातले ५ टक्के आरक्षण त्या गटासाठी आहे. भेदभावापासून संरक्षण मात्र सर्वांना आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचारी काढता येत नाही, त्याचा हुद्दाही उतरवता येत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले.

आता टक्केवारीचे बघू. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा डोळा चांगला असला, तर दाखल्यावर ३० टक्के येतात. त्याच माणसाच्या पायाचे १२ टक्के धरले, तर घरचे लोक ४२ची बेरीज करून बसतात आणि हातात ३८ आले की दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने अन्याय केला असे वाटते. पण इथे साधी बेरीज नसते. लहान आकड्याला, ९०मधून मोठा आकडा वजा करून येणाऱ्या संख्येने गुणायचे, ९०ने भागायचे आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे. १२ गुणिले ६० भागिले ९०, म्हणजे ८. ३० आणि ८ मिळून ३८. हे गणित दाखला हातात देतानाच समजावून सांगितले, तर कितीतरी हेलपाटे वाचतील.

दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गमावल्यास कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३च्या अनुसूचीत ४० टक्के दिले होते (नोव्हेंबर २०२५मध्ये या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०ने घेतली). हे टक्के कमाईची क्षमता किती घटली त्याचे आहेत. ते दाखवून आरक्षण मागता येत नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात तर धंदाही बघितला जातो. डावा हात तुटला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात उलगडून दाखवला आहे. तेव्हा बातमीत नुसते ‘६० टक्के अपंगत्व’ छापून वाचकाला काहीच कळत नाही. ते शरीराचे की कमाईचे, आणि कशासाठी मोजलेले, हेही द्यावे.

अपंग म्हणावे की दिव्यांग, यावर चर्चा पुष्कळ झाली. तेवढे लक्ष छापील अर्जांकडेही जायला हवे. ‘दिव्यांग आहात का? असल्यास ४० टक्क्यांचा दाखला जोडा’ असा एकच रकाना असला की ३० टक्क्यांचा उमेदवार कोंडीत सापडतो. ‘होय’ लिहावे तर अर्ज त्रुटीत निघतो, ‘नाही’ लिहावे तर पुढे लेखनिक मागताना तेच उत्तर त्याच्यापुढे धरले जाते. अर्जात रकाने दोन हवेत: आरक्षण हवे आहे का, हा एक, आणि कोणती सोय लागेल, हा दुसरा. ४० टक्क्यांचा दाखला फक्त पहिल्यासाठी मागावा.

— एक वाचक