टीसीएलचा वास

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढं इंजिनिअरिंग केलंस, त्याचा त्या छावणीत उपयोग काय? ड्रोन-बिन उडवता का?" नेमकी तेव्हाच रेंज गेली. म्हणून आता सविस्तर लिहिते.

ड्रोन आहेत. दरडी कुठे कोसळतील याचे नकाशे करायला ते कामी येतात. पण माझं रोजचं काम तुमच्या चांगलं ओळखीचं आहे. ग्रामसेवक असताना तुम्ही टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकायला लावायचात आणि मग पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायला ओटी टेस्ट. पाणी पिवळं झालं की निर्धास्त. मी त्याच तपासणीसाठी डीपीडीची गोळी टाकते, माझं पाणी गुलाबी होतं. एवढाच फरक.

2017च्या ऑगस्टनंतर थोड्याच महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या निर्वासित इथे बांगलादेशात, कॉक्स बाजारकडे आले. टेकड्यांवरचं जंगल गेलं, बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. घाईत उथळ बोअर मारले गेले, काही तर संडासाला खेटून. पुष्कळांच्या पाण्यात मैल्याचे जंतू निघाले. आता खोल बोअर, सौर पंप, टाक्या आणि नळकोंडाळी झाली आहेत.

खरी मेख पुढेच आहे. नळावर क्लोरीन अगदी बरोबर असतं. बाई ॲल्युमिनियमची कळशी भरून घरी नेते, दिवसभर त्यातच हात, त्यातच पेला, वरून उकाडा. संध्याकाळी पोराला पाणी पाजताना लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीनही उरलेलं नसतं. म्हणून आम्ही नळावर मोजतो आणि काही तासांनी तिच्या घरी जाऊन त्याच कळशीतलं पुन्हा मोजतो. असे आकडे पुरेसे जमले, की कॅनडातलं यॉर्क विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी मिळून केलेली एक संगणक प्रणाली सांगते, की या वस्तीत नळावर किती क्लोरीन ठेवलं तर घरात पुरेल. पुस्तकातला एकच आकडा सगळीकडे लागू पडत नाही.

आणि वाढवायचं म्हणून वाढवताही येत नाही. वास आला की बायका सरळ जुन्या बोअरवर जातात. आई, तू नाही का "भातालासुद्धा टीसीएलचा वास मारतो" म्हणत विहिरीचं पाणी आणायचीस? आणि बाबा घरात ग्रामसेवक असूनही गप्प बसायचे! मला इथल्या बायकांशी वाद घालायचा धीर होत नाही तो त्यामुळेच.

बाबा, 1971 साली तुम्ही कॉलेजात होतात. पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, निर्वासितांच्या मदतीसाठी. तेव्हा पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली होती. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, रुग्ण जमिनीवर पडलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पिंपांत कालवलं. नातेवाइकांनीच पेल्यानं काढायचं आणि पाजत राहायचं. ग्लुकोज सोबत असलं की कॉलऱ्यातही आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, हे प्रयोगशाळेत ठाऊक होतं. डॉक्टर नसलेली माणसं ते सांभाळू शकतील यावर मात्र कुणाचा फारसा भरवसा नव्हता. महालनबीसांच्या देखरेखीखाली मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. तीच आपली जलसंजीवनी. त्यांना पद्मविभूषण मिळालं 2023मध्ये, ते गेल्यानंतर. मला याचा रागच येतो.

माझ्या कामाचं मोजमाप मी त्यावरूनच करते: मी नसताना ते चालतं का? हल्ली गोळी टाकून रंग ताडून बघण्याचं काम वस्तीतल्याच दोन मुली करतात. त्यातली एक माझ्या नोंदीतल्या चुका काढते.

दिवाळीला रजा मंजूर झाली तर पाडव्यापर्यंत राहीन. बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्या, टाळाटाळ नको. आणि आई, पावसाळ्यात तरी विहिरीचं पाणी उकळूनच पी.

तुमची,
मनू